वाचकांचे प्रश्न : धर्मच नसता तर?

मागच्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं की यंदापासून घरात गणपती बसवायचा नाही असं आम्ही नवराबायकोनं ठरवलंय, तर भाऊबंद बोलणं टाकतील का, आणि मी त्याला चार ओळींत उत्तर दिलं होतं की टाकतील थोडे दिवस, मग येतील. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. कुणी चिडून लिहिलंय, कुणी रडून लिहिलंय, आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो की धर्म नसताच तर बरं झालं असतं का. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं सगळ्यांची काढली आहेत, ज्यांनी काढा म्हटलं नव्हतं त्यांचीही.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवर रोज रात्री आमचा हा वाद होतो. माझं म्हणणं, धर्म हा प्रकारच नसता तर जग कुठल्या कुठे गेलं असतं, दंगली नाहीत, बुवाबाजी नाही, जात नाही. मित्र म्हणतात धर्म नसेल तर माणसाचं जनावर होईल. कोण बरोबर?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर जिल्हा

तुझ्या मित्रांचं आधी घेते, कारण ते लवकर संपतं. धर्म नसला की माणसाचं जनावर होतं हे काही खरं नाही रे. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, जन्मात कधी देवळाची पायरी चढले नाहीत, आणि रात्री अकराला शेवटची गाडी लावून आल्यावरसुद्धा एखाद्या म्हातारीचे सुटे पैसे द्यायचे राहिलेत म्हणून ते वेगळ्या पुडीत बांधून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला ती भेटली की द्यायला. त्यांना कुणी वर बसून बघतंय असं वाटत नव्हतं. आणि जगाकडे बघायचं तर स्वीडन, डेन्मार्क, झेक प्रजासत्ताक इथं देव न मानणारी माणसं भरपूर आहेत आणि तिथं काही कुणी कुणाला फाडून खात नाही.

आता तुझं. तुझ्या वयात माझंही हेच मत होतं, अगदी याच शब्दांत, आणि बाबांमुळे ते मला घरातलंच वाटायचं. मग २००९ च्या पावसाळ्यात बाबा गेले.

देहदानाचा फॉर्म त्यांनी आधीच भरून ठेवला होता, विधी काही करायचे नाहीत हे दहा वेळा सांगून झालं होतं. मेडिकल कॉलेजची गाडी चार वाजता येणार होती आणि तोवर करायला काही नव्हतं. करायला काही नसणं एवढं जड असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. एरवी घरात माणूस गेला की कुणी बांबू आणायला पळतं, कुणी मडकं, कुणी गोवऱ्या, शेजारची बाई पाणी तापवायला ठेवते, ज्याच्या त्याच्या हाताला काम असतं. आमच्याकडे सगळे नुसते भिंतीला टेकून बसलेले. आई वारकरी घरातली, गळ्यात माळ. ती आतून आली, मुठीत तुळशीचं पान, आणि मला म्हणाली, "एवढं तोंडात ठेवू का गं? त्यांनी कायच करू नका म्हणून सांगितलंय, पण मला तर काहीतरी करू दे." मी म्हटलं ठेव. बाबांचा शब्द मी मोडला का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी आली, दोन माणसं उतरली, सह्या घेतल्या आणि गेली. दहा मिनिटांत सगळं संपलं. शेजारच्यांनी तीन दिवस पिठलं-भाकरी पाठवली, आमच्याकडे सुतक पाळत नाहीत हे माहीत असून पाठवली. आणि दहाव्या दिवशी आई पहाटेच उठली. घाटावर जायचं नव्हतं, पिंड नव्हता, कावळा नव्हता. तिनं कपाटातनं बाबांचा कंडक्टरचा पितळी बिल्ला काढला, नंबर कोरलेला, ते नोकरीत असताना दर रविवारी ती तो चिंचेनं घासून द्यायची, तो घेऊन मोरीत बसली आणि घासत राहिली. तासभर तरी घासत होती. मग पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. देव्हाऱ्यात नाही ठेवला, शेजारी ठेवला, बाबांचा तेवढा मान तिनं ठेवला.

तोवर मला वाटायचं धर्म म्हणजे देव आहे की नाही एवढाच वाद. त्या मोरीच्या दारात उभं राहिल्यावर कळलं की माणूस गेल्यावर मागे उरलेल्यांच्या हाताला काय द्यायचं, शेजाऱ्यानं कधी भाकरी आणायची, रडणं कधी थांबवून कामाला लागायचं, हे सगळं पिढ्यानपिढ्या धर्मच बघत आलाय, आणि तो काढला की ही कामं कुणीतरी अंगावर घ्यावी लागतात.

तुझं स्वप्न एका देशानं खरोखर करून बघितलंय. अल्बेनिया, ग्रीसला लागून आहे, आजही लोकसंख्या आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा कमी. मुसलमान, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक असे तीन धर्म शेजारी शेजारी. १९६७ साली एन्व्हर होजा यांच्या कम्युनिस्ट सरकारनं सगळेच धर्म बंद केले, मशिदी आणि चर्च मिळून दोन हजारांवर जागांना कुलूप लागलं, काहींची गोदामं झाली, श्कोदर शहरातल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये तर खेळाचा हॉल केला. १९७६ च्या राज्यघटनेत लिहूनच टाकलं की हे राष्ट्र कुठलाही धर्म मानत नाही. मदर तेरेसा मूळच्या अल्बेनियन, त्यांची आई आणि बहीण राजधानी तिरानामध्ये राहायच्या, आई १९७२ मध्ये गेली, बहीण पुढच्या वर्षी, पण कोलकात्याहून जाऊन त्यांना एकदा भेटायची परवानगी काही मिळाली नाही.

मग तिथं माणसं मोकळी झाली का? देवाची जागा रिकामी राहिलीच नाही. बेरात शहराजवळच्या डोंगरावर पांढरे दगड रचून एन्व्हर हे नाव लिहिलं गेलं, एकेक अक्षर शंभर मीटरच्या घरातलं. शंका घेतली की तुरुंग, पोथी तीच फक्त नाव बदललेलं. आणि नोव्हेंबर १९९० मध्ये बंदी ढिली झाल्यावर श्कोदरमध्ये पहिली उघड प्रार्थना कुठे झाली माहितेय? कब्रस्तानात. हजारो लोक जमले, त्यात २३ वर्षांखालचं जे कुणी होतं त्यानं असली प्रार्थना उघड्यावर कधी बघितलेलीच नसणार. आपल्या गेलेल्या माणसांजवळ उभं राहायचंय, एवढीच गोष्ट होती बघ, आणि तेवढ्यासाठी तेवीस वर्षं थांबले ते लोक.

आता स्वीडन घे. तिथं कुणी चर्चला कुलूप लावलं नाही. चर्च २००० साली सरकारपासून वेगळं झालं, लोक रविवारी जाईनासे झाले, सरकारनं म्हातारपण, आजारपण, बाळंतपण एकेक करून आपल्या अंगावर घेतलं. तिथं प्रत्येक कमावत्या माणसाच्या टॅक्सबरोबर अंत्यसंस्काराची फी कापतात, धर्म कुठलाही असो नाहीतर नसो, आणि त्यात प्रत्येकाला दफन किंवा दहन आणि २५ वर्षांसाठी जागा मिळते. मला हे वाचून आपली गावं आठवली, जिथं स्मशानसुद्धा जातीजातीचं वेगळं असतं आणि पावसाळ्यात कुणाचं मयत कुठल्या पत्र्याखाली जाळायचं यावरनं भांडणं होतात.

तेव्हा तू हॉस्टेलवर एक कर. धर्म असावा की नसावा हे थोडे दिवस बाजूला ठेव आणि तुमच्या तुमच्या गावात हे बघा की एखाद्यानं "मला हे नको" म्हटलं तर त्याला पाणी, जागा, सोयरीक, खांद्याला चार माणसं मिळतात का, आणि एखाद्यानं "मला आत यायचंय" म्हटलं तर येऊ देतात का. मला या वयात तरी जगाचं बरंवाईट यावरच ठरतं असं वाटतं.

प्रश्न : मॅडम, तुम्ही देव मानत नाही हे मागच्या उत्तरावरून कळलं. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. वारीत जात नाही, धर्म नाही, सगळी माऊली. धर्म गेला तर वारी पण जाईल, तुम्हाला तेच पाहिजे का? एकदा चालून बघा मग लिहा.
– एक वारकरी, सातारा जिल्हा

दादा, चालले आहे. लोणंद ते तरडगाव, आईबरोबर, वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघितलं, तो घोडा अंगावरनं गेल्यासारखा गेला आणि आजूबाजूच्या बायकांनी त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावली तेव्हा माझ्याही डोळ्यात पाणी आलं, मी ते पुसलं नाही. एक सत्तरीतला माणूस माझ्या पाया पडला, मी मागे सरकले तर म्हणाला, माऊली, पाय तरी राहू द्या. आयुष्यात एवढ्या सहज कुणी मला बरोबरीचं मानलेलं नाही. वारी जावी असं मी कधी म्हणणार नाही.

पण तुम्ही चोखोबाच्या समाधीवर डोकं ठेवता ना? ती कुठे आहे ते आठवा. बाहेर, नामदेव पायरीजवळ. ज्यानं पांडुरंगाशिवाय दुसरं काही बोलणं केलं नाही त्याला आत सोडलं नाही, मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून तो १३३८ साली मेला, त्याची बायको सोयराबाई अभंग करायची, मुलगा कर्ममेळा करायचा, आणि त्या मुलाच्या अभंगांत तर देवालाच उभंआडवं विचारलंय की आम्हाला हे असलं जिणं का दिलंस. एवढं सगळं घर विठ्ठलाचं, आणि दार बंद. किती दिवस? मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवस अन्न घेतलं नाही, तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडायचं ठरलं. सहाशे वर्षं झाली दादा, आणि दर वर्षी वारी चालूच होती, आणि वाटेत सगळी माऊलीच होती.

आता यातनं दोन्ही गोष्टी निघतात आणि मला दोन्ही सोडवत नाहीत. ते दार लावून धरणारे धर्माचंच नाव घेत होते, आणि ते उघडायला बसलेले गुरुजीसुद्धा देव मानणारेच होते, त्यांना विठ्ठल नको नव्हता, सगळ्यांसकट पाहिजे होता. गाडगेबाबांचं तसंच, दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारायचे, आणि पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, म्हणजे तिथं पोरं शिकतील.

आणि बाबासाहेब. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो लोक, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले, वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. दार आत जायला उघडत नसेल तर बाहेर पडायला तरी कुणी अडवू नये. पुढे बघा, त्या माणसानं जगातले सगळे ग्रंथ पालथे घातलेले, मार्क्स वाचलेला, धर्म सोडून मोकळं व्हायला त्यांना काय अडचण होती? तरी २१ वर्षं विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांना घेऊन ते बुद्धाकडे गेले. ज्या माणसांना शतकानुशतकं कुणी माणूस म्हटलं नाही त्यांना नुसतं "आता तुमचा कुठलाच धर्म नाही" असं सांगून घरी पाठवायचं त्यांच्या मनाला पटलं नसावं, असं मला वाटतं. आमच्या शाळेत एक बाई होत्या, त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली बाबासाहेबांची, त्या मला म्हणाल्या होत्या की आमच्या आजीनं नागपूरहून आल्यावर पहिल्यांदा गावात मान वर करून पाणी मागितलं. ते देव नसलेल्या धर्मानंच तिला दिलं.

तर दादा, वारी राहू द्या. फक्त गावात गेल्यावर दिंडीतली माऊली आणि विहिरीवरची माऊली एकच राहते का एवढं तुम्ही बघा, तुमचं ऐकतील, माझं नाही ऐकणार. चार पिढ्यांचा मान आहे तुमचा.

प्रश्न : जगातल्या सगळ्या लढाया आणि दंगली धर्मामुळेच झाल्या, हे तुम्ही स्पष्ट का लिहीत नाही? भीती वाटते का?
– एक वाचक, मुंबई

सगळ्या नाही झाल्या म्हणून लिहीत नाही. १९९४ ला रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली, हुतूंनी तुत्सींना. दोघांची भाषा एक, दोघं बहुतेक ख्रिश्चन, न्यामाटाच्या चर्चमध्ये लोक जीव वाचवायला शिरले आणि तिथंच कापले गेले, कापणारेही त्याच धर्माचे. दोन महायुद्धं घ्या, तीही काही धर्मासाठी झाली नाहीत. माणसाला दुसऱ्याला वेगळं काढून मारायचं असलं की त्याला धर्म लागतोच असं नाही, वंश चालतो, भाषा चालते, ओळखपत्रावरचा एक शब्द चालतो.

पण म्हणून धर्माला सोडूनही देत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये तुमच्याच शहरात दंगलींत नऊशे माणसं गेली, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आकडा आहे. मी तेव्हा भावाकडे मुंबईला होते. इमारतीखाली पाट्या काढायचं काम चालू होतं, दारावरच्या नावाच्या पाट्या, एका शेजाऱ्यानं आपली पाटी स्क्रू ड्रायव्हरनं काढून गादीखाली ठेवली आणि त्याच्या छोट्या मुलीनं मला विचारलं की आमचं नाव आता गेलं का. मला उत्तर देता आलं नाही. त्या वेळी जे धर्माच्या नावानं लोकांना घराबाहेर काढत होते त्यांना धर्म नसता तर दुसरं काही सापडलं असतं का? सापडलं असतं कदाचित. पण इतकं तयार हत्यार, इतक्या घराघरात आधीच ठेवलेलं, सहजी मिळालं नसतं, हे मी मान्य करते.

प्रश्न : जाऊबाईंना फिट येते, घरचे डॉक्टरकडे न नेता एका बाबाकडे नेतात, तो अंगात भूत आहे म्हणून मारतो. हे धर्माच्या विरुद्ध बोलणं होईल म्हणून मला गप्प बसवतात. मी काय करू?
– एक गृहिणी, लातूर जिल्हा

ताई, आधी फिटचं. तो मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी बहुतेकांचा ताब्यात राहतो, सरकारी दवाखान्यात औषध मिळतं, त्यांना आजच्या आज न्या.

आणि तो बाबा जे करतोय तो गुन्हा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आपल्याकडे, भूत उतरवायच्या नावानं मारहाण करणं त्यात सगळ्यात वरती येतं, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड वेगळा. पोलीस ठाण्यात जाऊन या कायद्याचं नाव घ्या. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर कित्येक वर्षं वणवण फिरले, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर चार महिन्यांत कायदा पास झाला. ते आयुष्यभर हेच सांगत राहिले की आमचं भांडण तुमच्या देवाशी, धर्माशी नाही, त्यांच्या नावानं जी लूट चालते तिच्याशी आहे. तेव्हा तुम्ही धर्माच्या विरुद्ध बोलताय असं कुणी म्हटलं तर सांगा, मी माझ्या जावेच्या बाजूनं बोलतेय. गप्प बसू नका.

प्रश्न : आम्ही दोघं वेगवेगळ्या धर्मांचे. दोघांनाही धर्म बदलायचा नाही आणि दुसऱ्याला बदलायलाही लावायचं नाही. दोन्हीकडून बहिष्काराची धमकी आहे, माझ्या आईला आत्ताच हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलंय. कधी कधी वाटतं धर्म नावाची गोष्टच जगातून नाहीशी व्हावी. काही मार्ग आहे का?
– नाव नको, पुणे

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आईच्या हळदीकुंकवाचं वाचून जास्त वाईट वाटलं, कारण हे असंच सुरू होतं, आधी हळदीकुंकू, मग लग्नाची पत्रिका येत नाही, मग दुकानदार उधार देत नाही, आणि कुणी काही बोललेलंच नसतं.

मार्ग आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ चा. दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करायचं, रजिस्ट्रारसमोर. याच्या आधीचा १८७२ चा कायदा होता त्यात आम्ही अमुक-तमुक धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागायचं, म्हणजे लग्न पाहिजे तर धर्म सोडा. आता तसं नाही. मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात ३० दिवस तरी राहिलेला पाहिजे. अर्ज दिला की नोटीस ऑफिसात लागते ती ३० दिवस, हे दिवस सगळ्यात अवघड, कारण ती कुणीही वाचू शकतं आणि घरी जाऊन सांगू शकतं. त्या महिन्यात कुठे राहायचं हे आधी ठरवा, एखादी मैत्रीण, मावशी, जिच्या घरचे डगमगणार नाहीत अशी. मालमत्तेत काय फरक पडतो ते वकिलाला आधीच विचारून घ्या, विशेषतः एकत्र कुटुंबाची जमीन असेल तर.

बहिष्काराचं. आपल्या राज्यात यावर कायदा झाला २०१६ मध्ये, पुढच्या वर्षी लागू झाला. जात पंचायत असो नाहीतर जमात, एखाद्याला समाजाबाहेर काढणं, त्याच्याशी व्यवहार बंद पाडणं, यावर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. याला फार मोठा इतिहास आहे, तो थोडा सांगते कारण तुम्हाला वाटेल आपण एकटेच. १९४९ साली मुंबई राज्यानं बहिष्काराविरुद्ध पहिला कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू कोर्टात गेले, की कुणाला समाजात ठेवायचं आणि कुणाला काढायचं हा आमचा धार्मिक हक्क आहे, आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मान्य करून कायदा रद्द केला. मग त्याच समाजातले सुधारक, असगर अली इंजिनीअर यांच्यासारखे, बहिष्कार अंगावर घेऊन लढत राहिले. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्यांना जवळच्यांनी कमी छळलं नाही. अशा किती जणांनी सोसलं तेव्हा आज तुमच्या आईला पोलीस ठाण्यात जाऊन उभं राहता येतं. आणि सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टानं हेही सांगितलंय की माझा कुठलाच धर्म नाही असं कुणी म्हटलं तर त्याला धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही. पुढे मूल झालं, शाळेचा फॉर्म हातात आला, तर हे लक्षात ठेवा.

धर्म जगातून जावा असं तुम्हाला वाटतं ते या दिवसांत वाटणारच, मला तुमच्या जागी वाटलं असतं. पण तुम्ही पत्रातच लिहिलंय की दोघांनाही आपापला धर्म सोडायचा नाही. म्हणजे तो तुमच्या आतपण आहे, आणि तो तिथं नीट राहतोय, कुणाला ढकलत नाही. त्याच्याशी भांडू नका. भांडण आहे ते नोटीस वाचायला येणाऱ्यांशी.

आईला एक सांगा. संक्रांतीला मी घरी हळदीकुंकू करत नाही, पण बायका जमवते, तिळगूळ असतो, विधवा बायका असतात, मुसलमान मैत्रिणी असतात, सगळ्यांना एकच फूल. आईला घेऊन या. पत्ता मासिकाच्या ऑफिसात विचारा, ते देतील.

आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन मिळतात, तिसरा ऐन वेळी मागे सरतो, असं खूप वेळा बघितलंय. तिसरा कमी पडला तर मला दोन दिवस आधी कळवा, आधार कार्ड घेऊन येते.